बिऱ्हाड आणि मोटार : मराठी प्रवासवर्णनातले लंडन आणि लंडनबाहेरचे ब्रिटन

मराठी वाचकाला लंडन जितके ओळखीचे आहे तितके ब्रिटन नाही. ट्रॅफल्गर चौक, हाइड पार्क, ब्रिटिश म्युझियम, टेम्सवरचे पूल ही नावे आयुष्यात एकदाही विमानात न बसलेल्या माणसाच्या तोंडीही असतात. पण वाँटेज कुठे आहे, डार्वेन कुठे, बँफ कुठे, असे विचारले तर चांगला वाचलेला माणूसही गप्प होतो. तसे पाहिले तर ही तिन्ही गावे आपल्याच इतिहासाशी बांधलेली आहेत. ती आपल्याला माहीत नाहीत याचे एक कारण आपल्या प्रवासवर्णनाच्या घडणीत आहे, असे माझे मत आहे, आणि ते तपासून पाहण्यासाठी हा लेख.

हा प्रश्न आताच का घ्यावा, तेही सांगतो. गेल्या पंधरावीस वर्षांत मराठी कुटुंबांच्या ब्रिटनच्या प्रवासाची रीत बदलली आहे. पूर्वी एक तर शिक्षणासाठी वा कामासाठी जाऊन लंडनमध्ये राहायचे, नाहीतर यात्रा कंपनीबरोबर युरोपच्या वाटेवर दोन रात्री लंडन पाहायचे. आता तिसरी रीत रुळली आहे. आठवडाभर लंडनमध्ये मुक्काम, मग भाड्याची मोटार घेऊन आठदहा दिवस ब्रिटनभर. मी पवईला राहतो. आयआयटी, तिच्याभोवती वाढलेली वसाहत, संगणक कंपन्यांची कचेऱ्या, यामुळे इथल्या किती तरी घरांतला मुलगा रेडिंगला, मुलगी मिल्टन कीन्सला असते. सकाळी तळ्याकाठी फिरताना कॉट्सवोल्ड्स, विंडरमिअर, स्काय बेट ही नावे लोणावळा-महाबळेश्वरच्या सहजतेने कानावर येतात. या प्रवासांवर लिहिलेही जाते : दिवाळी अंकांत, मंडळांच्या स्मरणिकांत, स्वखर्चाने छापलेल्या पुस्तकांत. पदव्यांच्या वाटेने मी या विषयाकडे आलो नाही. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि रद्दीची दुकाने हेच माझे विद्यापीठ. तिथून हे लेखन जमवून वाचत आलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. प्रवासाची रीत बदलली, लेखनाचा साचा बदललेला नाही.

१. बिऱ्हाडाची परंपरा

मराठीतले ब्रिटनविषयक चांगले लेखन बहुतांशी बिऱ्हाडाचे लेखन आहे. बिऱ्हाड म्हणजे नुसता मुक्काम नव्हे. घरमालकिणीशी बोलणे, कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घेणे, रोज त्याच गाडीने त्याच स्थानकावर उतरणे, असे जिथे घडते ते बिऱ्हाड. १९०६पासून लंडनमध्ये असलेल्या सावरकरांनी धाडलेली बातमीपत्रे हे राजकीय लेखन खरे, पण त्याचा पाया राहणाऱ्याची नजर हाच आहे. १९१९ साली होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर गेलेल्या न. चिं. केळकरांच्या 'विलायतची बातमीपत्रे'चेही तेच. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाच्या नावातले धुके लंडनचे.

पुढे पु. ल. देशपांडे बीबीसीत दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायला गेले आणि 'अपूर्वाई' (१९६०) आले. त्या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाला विलायतेचे एक कायमचे चित्र दिले. विलायतेला निघण्याच्या तयारीपासून, सल्लागारांच्या गर्दीपासून ते सुरू होते, म्हणजे परदेशाचे वर्णन आपल्या घरातूनच आरंभते. पाहणारा माणूस स्वतःकडे हसत पाहतो, म्हणून समोरच्या इंग्रजाकडे त्याला न बिचकता पाहता येते. पुढच्या पिढीत मीना प्रभु यांचे 'माझं लंडन' आले. तिथे पाहुणी नाही, रहिवासी बोलते. शहराचा इतिहास आणि रोजची वहिवाट एकत्र विणलेली असल्यामुळे ते पुस्तक वाचनासाठी आणि वाटाड्या म्हणून, दोन्ही कामी येते. पुस्तकाच्या नावातले 'माझं' हे विशेषण बिऱ्हाडाशिवाय मिळत नाही.

ही परंपरा लंडनमध्येच का रुजली, याचे उत्तर साधे आहे. पार्लमेंट तिथे, प्रिव्ही कौन्सिल तिथे, बॅरिस्टरीच्या संस्था तिथे, इंडिया ऑफिसची दप्तरे तिथे. आपल्या माणसाचे काम राजधानीत होते. डॉ. आंबेडकर १९२१-२२ साली प्रिमरोझ हिलजवळच्या ज्या घरात राहत, ते १०, किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे. म्हणजे मराठी माणसाच्या लंडनला पत्ते आहेत, दारावरच्या पाट्या आहेत. लंडनबाहेरच्या ब्रिटनला आपल्या लेखनात पत्ता नाही, फक्त देखावा आहे.

२. वाँटेजची वाट

गंमत अशी, की आरंभ असा नव्हता. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे छोटे पत्ररूप पुस्तक या विषयावरच्या मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखनात मोडते, आणि बाईने लिहिलेल्या मराठी प्रवासलेखनात तर त्याचे स्थान पहिल्या रांगेतले. पण रमाबाईंचे इंग्लंड म्हणजे लंडन नव्हे. त्या उतरल्या वाँटेजला, सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या मठात. या संघाच्या भगिनी पुण्यात काम करत होत्या, त्या ओळखीतून ही वाट निघाली. वाँटेज हे बाजारपेठेचे लहान गाव. राजा आल्फ्रेडचे जन्मगाव म्हणून त्याची ख्याती, चौकात त्याचा पुतळा. इथेच रमाबाईंनी त्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर त्या चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. १८८६ साली त्या अमेरिकेला निघाल्या.

या अडीच वर्षांतला त्यांचा सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उपलब्ध आहे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो खंड महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली छापला. त्या पत्रांत एक मराठी बाई आपल्याला आश्रय देणाऱ्यांनाच ठणकावून सांगते, की धर्माच्या बाबतीत मी माझ्या बुद्धीने विचार करणार. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मनाचा एक मोठा झगडा लंडनच्या सभागृहात नव्हे, तर ऑक्सफर्डच्या आसपासच्या दोन गावांत झाला. पुढे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात होते. तिथून त्यांनी 'सुबोधपत्रिके'ला पत्रे पाठवली. म्हणजे लंडनबाहेरची ही दुसरी वाटही मराठीत होती. ती मळली नाही, इतकेच.

आज लंडनहून मोटारीने कॉट्सवोल्ड्सला जाणारे मराठी कुटुंब वाँटेजच्या जवळून जाते आणि चेल्टनमला तर बहुधा जेवायलाच थांबते. लंडन ते वाँटेज साधारण साठ मैल, पुढे चेल्टनम पन्नास मैलांच्या आत. कॉट्सवोल्ड्सवरचे जे मराठी लेख मी वाचले, त्यांत मधाच्या रंगाचे दगड आहेत, गवताची छपरे आहेत, ओढ्यातली बदके आहेत. रमाबाई एकाही लेखात नाहीत. मी हे लेखकांच्या अज्ञानाच्या खाती टाकत नाही. त्यांना मोटारीची वाट यात्रा कंपनीच्या माहितीपत्रकाने आखून दिली आणि लेखाचा साचाही तिथूनच आला. आपल्या वाङ्मयाने त्यांना दुसरी वाट दाखवली नव्हती.

३. मोटारीचे लेखन इंग्रजांनी कसे केले

मोटारीने देश पाहण्याचे वाङ्मय इंग्रजीत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बहरले. त्यातली दोन पुस्तके आपल्या प्रश्नाला उपयोगी आहेत. एच. व्ही. मॉर्टन यांचे 'इन सर्च ऑफ इंग्लंड' १९२७ साली आले. वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या लेखांचे ते पुस्तक. लहानशा मॉरिस गाडीतून लेखक लंडनबाहेर पडतो आणि खेडी, कॅथीड्रले, जुनी खानावळघरे पाहत फिरतो. पुस्तक अतिशय वाचनीय आहे आणि अतिशय खपलेही. पण मॉर्टनला जे इंग्लंड सापडते ते निघण्यापूर्वीच त्याच्या मनात तयार होते. कारखान्याची शहरे तो बहुतेक टाळतो.

दुसरे पुस्तक जे. बी. प्रीस्टली यांचे 'इंग्लिश जर्नी'. प्रवास १९३३च्या शरदातला, पुस्तक १९३४चे. प्रीस्टली कधी प्रवासी बसने, कधी ट्रामने, कधी मोटारीने हिंडला, आणि मुद्दाम गेला तो ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, लँकेशर, टाइन नदीकाठची जहाजबांधणीची गावे अशा ठिकाणी. मंदीचे दिवस होते. आपल्या जन्मगावी, ब्रॅडफर्डला, पहिल्या महायुद्धातल्या पलटणीतल्या सोबत्यांचा मेळावा होता, त्याला काही जण आलेच नाहीत, कारण नेसायला धड कपडे नव्हते. तो प्रसंग पुस्तकाचा कणा आहे. शेवटी त्याने मांडले, की आपण तीन इंग्लंडे पाहिली : जुने कॅथीड्रलांचे आणि जहागिरींचे, एकोणिसाव्या शतकातले कोळशाचे आणि गिरण्यांचे, आणि महायुद्धानंतरचे नव्या रस्त्यांचे, पेट्रोलपंपांचे, सिनेमागृहांचे.

आपल्या आजच्या मोटारप्रवासाच्या लेखांनी नकळत मॉर्टनची वाट धरली आहे, प्रीस्टलीची नाही. यात मॉर्टनचा एक फायदा होता, तो आपल्याला नाही. मॉर्टन आपल्याच देशात हिंडत होता. वाटेतल्या खानावळीत बसून शेजाऱ्याशी चार शब्द बोलणे त्याला सोपे होते. आपण मोटारीत बसलो की काच वर होते आणि माणसे संपतात. बिऱ्हाडाच्या लेखनाचा जीव माणसांत होता. मोटारीच्या लेखनात माणसे नसतील, तर त्यांच्या जागी काहीतरी तितकेच भरीव यायला हवे. तिथे इतिहास येऊ शकतो, श्रम येऊ शकतात, रस्ता स्वतः येऊ शकतो. सध्या तिथे फक्त विशेषणे आली आहेत.

४. दोन वेग

मुक्काम आणि मोटार एका प्रवासात जोडायची, तर व्यवहार काय सांगतो ते पाहू, कारण त्यातच लेखनाचा एक धडा दडलेला आहे. लंडनमध्ये मोटार उपयोगाची नाही. मध्य लंडनमध्ये गाडी नेण्यावर २००३पासून शुल्क आहे, धूर ओकणाऱ्या जुन्या गाड्यांवरचा वेगळा आकार २०२३च्या ऑगस्टपासून साऱ्या लंडनभर लागू झाला, गाडी उभी करायला जागा नाही, आणि भुयारी रेल्वे हाताशी आहे. म्हणून जाणकार सांगतात, की लंडन पायी आणि रेल्वेने पाहा, मग रेल्वेने बाथ, यॉर्क किंवा एडिंबरो गाठा आणि गाडी तिथे घ्या. आपला वाहन परवाना तिथे बारा महिने चालतो, रस्त्याची बाजूही डावीच. युरोपात बिचकणारा मुंबईकर इथे चाकामागे बसायला धजतो तो यामुळे.

म्हणजे एकाच प्रवासात दोन वेग येतात. आठवडाभर चालण्याचा, नंतर मोटारीचा. चांगल्या लेखात हे दोन वेग दिसले पाहिजेत. मी वाचलेल्या लेखांत बहुतेकदा दोन्ही भाग एकाच तारखवार चालीने जातात : नवव्या दिवशी सकाळी न्याहारी करून निघालो, अकरा वाजता अमुक पाहिले, दोन वाजता तमुक. पायी हिंडलेले साउथ केन्सिंग्टन आणि सत्तर मैलांच्या वेगाने मागे टाकलेले स्टॅफर्डशर यांना सारखाच परिच्छेद मिळतो.

मोटारीच्या वेगात खास काही दिसत नाही असे नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तर डोंगराळ भागातले एकेरी रस्ते पाहा. एकच गाडी जाईल एवढी रुंदी, आणि ठराविक अंतरावर बाजूला घेण्यासाठी फुगवटा केलेला. समोरून गाडी आली की दोघांपैकी जो फुगवट्याजवळ असेल तो थांबतो, दुसरा जाताना हात वर करतो. चढावर येणाऱ्याला आधी वाट द्यायची हा आपल्या घाटातला नियम तिथेही आहे. शिंग कुणी वाजवत नाही. त्या रस्त्यावरून जाताना मी चालकाशेजारी नकाशा घेऊन बसलो होतो. दिवसभरात शंभरेक अनोळखी माणसांनी हात वर केला असेल. ब्रिटिश माणूस मोकळेपणी बोलत नाही, हे आपल्या प्रवासवर्णनातले जुने वाक्य. तो त्या हातातून बोलतो, आणि तो हात फक्त मोटारीतूनच दिसतो. बिऱ्हाडाच्या लेखकाला जे दिसणे शक्य नव्हते, असे हे एक लहान उदाहरण. असे आणखी सापडेल, पण त्यासाठी रस्ता हा दोन प्रेक्षणीय स्थळांमधला रिकामा वेळ आहे ही समजूत सोडावी लागेल.

५. लँकेशरला वळसा

आता मोठ्या उदाहरणाकडे येतो. ब्रिटनचा पहिला मोटरवे म्हणजे लँकेशरमधल्या प्रेस्टन शहराला वळसा घालणारा रस्ता. पंतप्रधान मॅकमिलन यांनी तो ५ डिसेंबर १९५८ रोजी खुला केला. आज तो एम सहा या लांब रस्त्याचा भाग आहे. (१९५८ हेच आमच्या पवईच्या आयआयटीच्या स्थापनेचेही वर्ष, आणि पु. ल. विलायतेला होते तेही याच सुमारास.) लंडनकडून सरोवरांच्या प्रदेशात, विंडरमिअरला जाणारी बहुतेक मराठी कुटुंबे याच रस्त्याने जातात. रस्ता बांधला तोच मुळी गावे टाळून पुढे जाता यावे म्हणून. डावीउजवीकडे ज्या पाट्या मागे पडतात त्या वाचा : विगन, बोल्टन, ब्लॅकबर्न, प्रेस्टन. ही जगातली पहिली गिरणगावे.

मुंबईच्या माणसाने या पाट्यांवरून सत्तर मैलांच्या वेगाने जावे, यात मला काहीतरी बोचते. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांतली यंत्रे लँकेशरातून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून, बोटीने आली. चात्यांचा आवाज, तीन पाळ्यांचा भोंगा, चाळीतली जिणी, हे सगळे आधी तिथे घडले, मग लालबाग-परळला. दोन्हीकडचे कापड एकमेकांविरुद्ध बाजारात उभे राहिले. इकडच्या बहिष्काराने तिकडची मागणी घटली, तेव्हा १९३१च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी लंडन सोडून मुद्दाम डार्वेनला गेले आणि बेकार झालेल्या गिरणी कामगारांना भेटले. गिरणी कामगार बाया त्यांच्याभोवती जमलेल्या दिसतात, ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. राजधानीतला मुक्काम आणि बाहेरचा फेरा यांची सांगड कशी घालावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. परिषद लंडनमध्ये होती, पण परिषदेतल्या कागदांचा परिणाम ज्यांच्या चुलीवर होत होता ती माणसे लँकेशरात होती. त्यांना भेटल्याशिवाय लंडनमधले बोलणे पुरे होत नव्हते.

पवई, कांजूर, भांडुप, विक्रोळी या पट्ट्यात आज राहणाऱ्या कित्येकांचे आजोबा-वडील गिरणीत होते. त्यांच्या नातवंडांनी गाडी घेतली, ती एम सहावरून गेली, विंडरमिअरला बोटीत बसली, आणि लेख आला तो वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल फुलांवर. कविता वाचलेली होती, म्हणून ती जागा दिसली. गिरणी घरातली होती, पण तिच्यावर तिथे कुणी बोट ठेवले नाही, म्हणून ती दिसली नाही. प्रवासात माणूस नवे फारसे पाहत नाही, वाचलेले पाहतो. आपण काय वाचायला देतो याची जबाबदारी म्हणून आपल्याकडे, नियतकालिकांकडे आणि अभ्यासकांकडे येते.

६. वाघनखे आणि बँफ

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या मुदतीवर महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती शिवछत्रपतींनी अफजलखानाच्या भेटीत वापरलेलीच का, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. त्यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. त्या वादात मला शिरायचे नाही. मला विचारायचे आहे ते हे, की ती लंडनला पोचली कुठून? जेम्स ग्रँट डफकडून. १८१८ नंतर साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला, १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापणारा हा गृहस्थ मूळचा स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बँफ गावचा. हिंदुस्थानातून परतल्यावर तो बँफजवळच्या ईडन या आपल्या जहागिरीत राहिला आणि १८५८ साली तिथेच वारला. आपल्या मुलाचे नाव त्याने मुंबईच्या गव्हर्नराच्या नावावरून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले, आणि तो मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला.

ग्रँट डफच्या इतिहासाशी आपले भांडण जुने आहे. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच १८६०च्या दशकात त्या ग्रंथावर टीका लिहिली आणि मराठी इतिहाससंशोधनाला तिथून चालना मिळाली. म्हणजे आपला इतिहास आपण लिहावा ही ईर्ष्या ज्या पुस्तकामुळे जागी झाली, त्याचा कर्ता उत्तर समुद्राकडच्या एका थंड किनाऱ्यावर पुरलेला आहे. एडिंबरो आणि इनव्हर्नेसपर्यंत गाडी नेणाऱ्या मराठी कुटुंबांना बँफ फार दूर नाही. अबर्डीनहून ते पन्नास मैलांच्या आत आहे. पण वाघनखांवर लिहिणाऱ्यांनी लंडनमधली काचपेटी लिहिली, आणि स्कॉटलंडवर लिहिणाऱ्यांनी लॉक नेसचा राक्षस लिहिला. दोघांची गाठ पडली नाही. शहराचा मुक्काम वस्तू दाखवतो. ती वस्तू कुठल्या घरातून, कुठल्या कुटुंबाच्या कपाटातून आली हे पाहायचे तर शहर सोडावे लागते.

पवईचेच पाहा. १७९९ साली हे गाव वार्षिक खंडाने डॉ. स्कॉट नावाच्या गृहस्थाकडे गेले, १८२९ साली फ्रामजी कावसजींकडे. १८९१च्या सुमारास मुंबईच्या पाण्यासाठी धरण बांधून तळे केले गेले, पण ते पाणी पिण्यालायक ठरले नाही. आता तळ्यापलीकडे ग्रीक-रोमन धर्तीच्या खांबांचे उंच मनोरे आहेत, आणि त्यांतून माणसे खऱ्या खांबांच्या इमारती पाहायला इंग्लंडला जातात. ब्रिटन आपल्या दाराशी असे थरांनी साचलेले आहे. ते ओळखता आले, तर तिकडच्या रस्त्यावरही ओळख पटेल.

७. मागच्या सीटवरचा लेखक

आता लेखकाविषयी. हे लेख लिहितो कोण? माझ्या पाहण्यात बहुतेक लेखक साठीच्या पुढचे आहेत. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेले, नातवंडाला सांभाळणारे. गाडी मुलगा चालवतो, पुढे सून नकाशा सांगते, आजी-आजोबा नातवाच्या खुर्चीला चिकटून मागे. वाट ठरवणारे ते नसतात, थांबायचे कुठे हेही त्यांच्या हाती नसते. सोमवारची सुट्टी जोडून आलेले तीन दिवस, त्यात किती कोंबायचे ते मुलाच्या रजेवर अवलंबून. अशा प्रवासाचे लेखन यादीसारखे होते, यात नवल नाही.

पण हीच जागा मला वाङ्मयीन दृष्ट्या सर्वांत मोलाची वाटते, आणि तीच सगळ्यांत कमी लिहिली गेली आहे. मागच्या सीटवर तीन पिढ्यांचे ब्रिटन एकत्र असते. आजोबांनी शाळेत इंग्रजांचा इतिहास घोकलेला, मुलगा तिथे कर भरतो आणि घराचे हप्ते फेडतो, नात तिथल्या शाळेत जाते आणि मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. बाहेर कॉट्सवोल्ड्स चाललेले असतात, आत हे चाललेले असते. आजीने डब्यात घेतलेले थेपले किंवा गुळपापडी रस्त्याकडेच्या विश्रांतीथांब्यावर उघडायची का, यावर आई आणि लेक यांच्यात होणारी कुजबूज म्हणजे स्थलांतराचा अख्खा इतिहास आहे. आणि लंडनजवळच्या त्या घरात आजी जे महिनोन्‌महिने राहते, स्वयंपाक करते, नातवाला शाळेतून आणते, ते तर खरे बिऱ्हाड! पु. लं.च्या पिढीला बिऱ्हाड करावे लागले, या आजीला ते आयते मिळाले आहे. तरी तिचा लेख उघडला की पहिल्या परिच्छेदात बकिंगहॅम राजवाडा येतो. घर, शाळेचे फाटक, कोपऱ्यावरचे गुजराती दुकान हे लिहिण्याजोगे नाही, असे तिला कुणीतरी शिकवले आहे.

८. एक आक्षेप

यावर कुणी म्हणेल, माणूस आठ दिवस सुखाने फिरायला जातो. त्याच्या डिकीत इतिहासाचे गाठोडे कशाला कोंबता? शिवाय जिथे जाऊ तिथे आपलीच खूण शोधणे हाही एक संकुचितपणाच. आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे. स्कॉटलंडमध्ये फक्त ग्रँट डफ पाहणारा माणूस स्कॉटलंड पाहत नाही. लँकेशरचे दुःख आपले म्हणून नव्हे, तर त्यांचे म्हणूनही पाहिले पाहिजे. प्रीस्टली तेच करतो. पण पहिल्या भागाविषयी मी असहमत आहे. 'अपूर्वाई' वाचून मराठी वाचक सुखावला तो देखाव्यांनी नव्हे. समोरच्या अनोळखी जगाचे आपल्या घराशी काहीतरी नाते जडते, या अनुभवाने तो सुखावला. मोटारीच्या लेखनात ते नाते जडवायचे तर थोडे आधी वाचावे लागेल, थोडी वाट वाकडी करावी लागेल, आणि दिवसाला पाच स्थळांऐवजी दोनच पाहावी लागतील. त्याने सुख कमी होत नाही.

संपादकांकडेही एक मागणे आहे. दिवाळी अंकांत परदेश प्रवासाचे लेख येतात ते छायाचित्रांसह, आणि छायाचित्रे चांगली असली की लेख खपून जातो. लेख स्वीकारताना एवढेच विचारावे : या प्रवासात लेखकाने आपल्याला ठाऊक नसलेली एखादी वाट पाहिली का, आणि गाडीच्या आत काय चालले होते? वाँटेजचा मठ, डार्वेनची गिरणी, बँफचा किनारा यांपैकी एखादे ठिकाण पाहून आलेल्या मराठी माणसाचा लेख मला अजून वाचायला मिळालेला नाही. तो लिहिणारी बाई आज बहुधा स्लाऊ किंवा हॅरोच्या एखाद्या घरात नातवाच्या शाळेची वेळ पाहत बसली असेल. तिच्या मुलाला पुढच्या महिन्यात तीन दिवसांची सुट्टी आहे, आणि गाडी कुठे न्यायची हे अजून ठरलेले नाही.